राणीच्या सामानातला काळा पोशाख

६ फेब्रुवारी १९५२ रोजी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज झोपेतच गेले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी केनियात होती. पंचविशीतली एलिझाबेथ घरून निघाली होती राजकन्या म्हणून, परतली ती राणी होऊन. दुसऱ्या दिवशी लंडनच्या विमानतळावर ती जिना उतरली तेव्हा खाली चर्चिल आणि इतर नेते ताटकळत उभे होते, आणि तिच्या अंगावर नखशिखान्त काळं होतं. तो पोशाख तिच्याजवळ नव्हताच, विमान टेकल्यावर तो आत पोचेपर्यंत नव्या राणीला थांबावं लागलं, अशी हकिगत राजघराण्यावर लिहिणारे हमखास सांगतात. त्यानंतर या घराण्यातलं कुणीही परदेशी निघालं की सामानात एक काळा जोड पडतोच.

राजघराण्याचा दुखवटा म्हटला की शेकडो वर्षांची अढळ नियमावली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं अशाच कुठल्या तरी अडचणीतून आलेलं आहे.

पूर्वी दरबारी दुखवट्याचं फर्मान निघे. किती दिवस पाळायचा, कापड कोणतं, दागिने कोणते चालतील, सगळं त्यात ठरवून दिलेलं असे. दरबारानं काळं घातलं की प्रतिष्ठित घरंही घालत, आणि मग बाजार हले. १८१७ च्या नोव्हेंबरात राजकन्या शार्लट बाळंतपणात दगावली, तर कापडवाल्यांकडचं काळं कापड संपलं. उलट रंगीत फिती विणणाऱ्यांचा धंदा इतका बसला, की दुखवट्याची मुदत कमी करा म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. सुतक किती दिवसांचं, हा प्रश्न तिथे असा थेट पोटापाण्याचा होता.

पण काळ्या रंगाला आज जे वजन आहे ते व्हिक्टोरिया राणीमुळे. १४ डिसेंबर १८६१ ला तिचा नवरा आल्बर्ट गेला. त्यानंतर ती जवळजवळ चाळीस वर्षं जगली आणि शेवटपर्यंत काळ्यातच राहिली. नवऱ्याच्या अंत्यविधीला मात्र ती गेली नव्हती. उच्चकुलीन बायकांनी अशा ठिकाणी जायचं नाही, अशी तिकडची रीत होती. स्मशानात बायका जात नाहीत हे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

तिच्या दुखवट्याची धग घरातल्या मंगलकार्यांनाही लागली. १ जुलै १८६२ ला मुलगी अ‍ॅलिसचं लग्न ऑस्बर्नच्या वाड्यात, जेवणाच्या दालनात, मोजक्या माणसांत उरकलं. पुढच्या मार्चात युवराज एडवर्डचं लग्न विंडसरच्या चॅपलमध्ये झालं, तेव्हा आई वऱ्हाडात नव्हतीच. वरच्या सज्जातून काळ्या पोशाखात बघत होती. आलेल्या बायकांना करडा, फिकट जांभळा असे 'अर्ध्या दुखवट्या'चे रंग घालायची सूचना होती. पूर्ण दुखवट्यात चकाकी अजिबात नको, म्हणून क्रेप हे निस्तेज, सुरकुतलेलं रेशीम वापरत. पावसात भिजलं की त्याचा रंग उतरून कातडीला लागे. दागिने चालत ते जेटचे. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षं गाडलं जाऊन दगडासारखं झालेलं काळं लाकूड. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावानं त्या काळात त्यावर चांगली कमाई केली.

गंमत अशी, की स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी या राणीनं पांढरं मागितलं. १९०१ मध्ये तिला पांढऱ्या पोशाखात, लग्नातला बुरखा घालून शवपेटीत ठेवलं आणि पेटीवरचं वस्त्रही पांढरंच होतं.

पांढरं तिकडेही परकं नव्हतं. फ्रान्सच्या राण्या दुखवट्यात पांढरं घालत. स्कॉटलंडची मेरी फ्रान्सची राणी असताना दीड वर्षाच्या आत तिचा सासरा, आई आणि नवरा गेले. पांढऱ्या दुखवट्यातलं तिचं फ्रेंच चित्रकार क्लूएनं काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. हीच जुनी रीत १९३८ मध्ये कामी आली. सहाव्या जॉर्जची राणी (आपण जिला 'क्वीन मदर' म्हणून ओळखतो ती) पॅरिसच्या राजकीय दौऱ्याची तयारी करत होती. शिंपी नॉर्मन हार्टनेलनं रंगीत कपडे शिवून ठेवले होते आणि २३ जूनला तिची आई वारली. दौरा जुलैवर गेला. ऐन उन्हाळ्यात, मैत्री दाखवायला निघालेल्या राणीनं काळ्यात जायचं? जांभळ्यात? हार्टनेलनं पांढरं सुचवलं आणि जेमतेम तीन आठवड्यांत सगळे पोशाख पांढऱ्यात नव्यानं शिवून दिले. पॅरिस खूश झालं. शोक पाळला गेला आणि दिसलाही नाही. आपल्याकडच्या विधवेच्या पांढऱ्या लुगड्यात आणि त्या पांढऱ्या लेसमध्ये रंगाखेरीज काही साम्य नाही, हेही नमूद करायला हवं.

मधल्या काळात सामान्य घरांतला लांबलचक दुखवटा मोडला होता. व्हिक्टोरियाचा मुलगा सातवा एडवर्ड ६ मे १९१० ला गेला, त्यानंतर जूनमध्ये अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती झाल्या त्या काळ्या कपड्यांत. शर्यतींचा शौकीन राजा, म्हणून त्या रद्द केल्या नाहीत. पुढे चार वर्षांनी महायुद्ध सुरू झालं. घरोघरी माणसं जायला लागल्यावर दोन-दोन वर्षं क्रेप कोण नेसणार? दंडावर काळी पट्टी पुरेशी ठरली.

वागण्याचे नियम बदलायला मात्र १९९७ उजाडावं लागलं. राणी एलिझाबेथची माजी सून डायना गेली तेव्हा राणी स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला नातवांजवळ होती. बकिंगहॅम राजवाड्यावर झेंडा नव्हता, कारण राणी तिथे नसली की तिथे झेंडा लावतच नसत. राजध्वज तर कधीच अर्ध्यावर येत नाही, कारण एक राजा गेला तरी त्याच क्षणी दुसरा असतो. नियमाप्रमाणे सगळं चोख होतं आणि लोक संतापले होते. शेवटी राणी लंडनला आली, काळ्या पोशाखात दूरचित्रवाणीवर बोलली, रस्त्यावर उभी राहून शवपेटीपुढे तिनं मान झुकवली, आणि राजवाड्यावर युनियन जॅक अर्ध्यावर फडकला.

अलीकडे काळं कुणी किती दिवस घालायचं यावर वाद होत नाही. वाद होतो तो गणवेशावर. एप्रिल २०२१ मध्ये राणीचा नवरा प्रिन्स फिलिप याच्या अंत्यविधीला कुणीच लष्करी गणवेश घालायचा नाही असं ठरलं. सगळे पुरुष साध्या कोटावर पदकं लावून आले. नातू हॅरीकडची मानाची लष्करी पदं गेली होती, मुलगा अँड्र्यू सार्वजनिक कामातून बाजूला झाला होता, तेव्हा दोघंच वेगळे दिसू नयेत ही सोय झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द राणी गेली तेव्हा ती सोय उरली नाही. भाऊबंद गणवेशात आणि हे दोघे कोटात, हे जगानं पाहिलं. फक्त शवपेटीभोवतीच्या पहाऱ्यापुरती दोघांना एकेकदा मुभा मिळाली.

दुखवटेही तेव्हा दोन होते. देशाचा दुखवटा १९ सप्टेंबरच्या अंत्यविधीपर्यंत, घराण्याचा आणखी सात दिवस. भारतानं ११ सप्टेंबरला एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला: झेंडे अर्ध्यावर, सरकारी करमणुकीचे कार्यक्रम नाहीत, कपड्यांबद्दल अर्थातच चकार शब्द नाही.

शवपेटीभोवती राजपुत्रांनी पहारा देण्याची प्रथा तशी १९३६ ची. पाचव्या जॉर्जच्या चार मुलांनी ती पाडली. २०२२ मध्ये त्या पहाऱ्यात प्रथमच एक बाई उभी राहिली, राणीची मुलगी अ‍ॅन, गणवेशात. आणि अंत्यविधीच्या दिवशी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीमागून चालणाऱ्यांत विल्यमची सात वर्षांची मुलगी शार्लटही होती. काळा कोट, काळी हॅट, आणि छातीवर पणजीनं दिलेली घोड्याच्या नालाची इवलीशी पिन.