ॲप चालू आहे, पण उत्तर बरोबर देतंय का?

एपीआय तपासणी आणि देखरेख : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सांगली-मिरजेतले आमचे बहुतेक ग्राहक सॉफ्टवेअरवाले नाहीत. कुणाची अडत आहे, कुणाची पतसंस्था, कुणाचं दूध संकलन केंद्र, कुणाचं हॉस्पिटल. ॲप कुणाकडून तरी करून घेतलेलं असतं आणि ते बिघडल्याचं पहिल्यांदा कळतं ते गिऱ्हाइकाच्या फोनवरून. तो फोन यायच्या आत तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी हे साधन.

मोबाइलवरचं ॲप दर, शिल्लक किंवा अपॉइंटमेंट दाखवतं तेव्हा ते सर्व्हरला ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या पद्धतीनं विचारतं. सर्व्हर ठरलेल्या साच्यात, बहुधा जेसन नावाच्या मजकुराच्या मांडणीत, उत्तर पाठवतो. या ठरलेल्या देवघेवीला एपीआय म्हणायचं. आमचं साधन तेच प्रश्न तुमच्या ॲपसारखे दर पाच मिनिटांनी विचारत राहतं आणि आलेलं उत्तर तपासतं.

२०० आलं म्हणजे झालं का?

प्रत्येक उत्तरासोबत तीन आकडी कोड येतो. २०० म्हणजे ठीक. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, बहुतेक वेळा टोकनची, म्हणजे लॉगिननंतर मिळणाऱ्या ओळखीच्या पासाची, मुदत संपलेली असते. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारलंत, जरा थांबा. ५०० म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममध्येच घोळ, आणि ५०२ किंवा ५०४ आलं तर दारातला सर्व्हर जागा आहे, आतला बोलत नाही. बाजारातली पुष्कळ फुकट साधनं एवढा कोड बघून हिरवा दिवा लावतात. आमच्या मते सगळ्यात महागात पडणारा घोळ २०० च्या पोटातच असतो.

हळदीचंच घ्या. समजा, मार्केट यार्डातल्या सौद्यांचे दर तुमच्या ॲपवर दिसतात. राजापुरीचा क्विंटलचा दर सर्व्हर १४५०० असा निव्वळ आकडा पाठवत होता. कुणीतरी सुधारणा केली आणि तो १४,५०० असा स्वल्पविरामासकट, मजकूर म्हणून जाऊ लागला. कोड २००च. माणसानं ब्राउझरमध्ये उघडून पाहिलं तर उलट जास्त नीटनेटकं दिसतं. ॲपचा प्रोग्रॅम मात्र आकडा वाचता वाचता स्वल्पविरामाशी थांबतो आणि शेतकऱ्याला दर दिसतो चौदा रुपये. म्हणून आमच्या चाचणीत अशा अटी घालता येतात: दर हा आकडाच असावा, शून्याहून मोठा असावा, सौद्याच्या दिवशी दुपारनंतर यादी रिकामी नसावी, तारीख आजची असावी. एक अट मोडली तरी दिवा लाल.

दुसरं उदाहरण दुधाचं, आणि हे पकडायला जास्त अवघड. सर्व्हरवरची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेनुसार असते, आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटे सव्वापाचला केंद्रावर दूध घातलं तेव्हा सर्व्हरच्या लेखी आदल्या रात्रीचे पावणेबारा झालेले असतात. प्रोग्रॅमरनं वेळ बदलून न घेता तशीच तारीख लावली, तर साडेपाचच्या आत आलेलं सगळं दूध आदल्या दिवसात जमा होतं. रोजच्या बेरजेत चटकन लक्षात येत नाही. पण बिल दहा दिवसांचं असतं. ११ तारखेचं पहाटेचं दूध मागच्या बिलात गेलं की केंद्रावर वादावादी ठरलेली. यावर उपाय म्हणजे पहाटे ५:१५ ची एक चाचणी नोंद करायची आणि लगेच ती परत मागवून तारीख जुळते का बघायचं. पहिल्या विनंतीतलं उत्तर दुसरीत वापरता येतं, त्यामुळे लॉगिन, नोंद आणि पडताळणी अशी साखळी एकाच चाचणीत बसते.

उशीर आणि इशारे

आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीकराला सांगायला नको. उत्तराला लागणाऱ्या वेळेसाठीही आम्ही अशाच दोन पातळ्या ठेवतो, आकडे तुम्ही ठरवायचे. इशाऱ्याला व्हॉट्सॲपवर निरोप येतो, धोक्याला थेट फोन.

फक्त सरासरीवर विसंबू नका. वीसपैकी एकोणीस उत्तरं ०.२ सेकंदात आली आणि एकाला ८ सेकंद लागले, तर सरासरी निघते ०.५९ सेकंद. कागदावर झकास. तो विसावा माणूस मात्र तोवर ॲप बंद करून गेलेला असतो. म्हणून अहवालात सगळ्यात संथ पाच टक्के उत्तरं वेगळी दाखवतो.

तपासणी तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून होत नाही. विश्रामबागेतली लाइट गेली किंवा केबल तुटली म्हणून मुंबईतला सर्व्हर बंद पडत नसतो, पण इथून बघणाऱ्याला सगळंच बंद दिसतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून, लागोपाठ दोनदा चूक आली तरच फोन वाजतो. रात्रीबेरात्री उगाच वाजणारा फोन माणूस चार दिवसांत सायलेंटवर टाकतो, आणि मग खऱ्या वेळीही उचलत नाही.

एचटीटीपीएसच्या, म्हणजे सर्व्हरशी होणारी देवघेव सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीच्या, प्रमाणपत्राची मुदतही साधन बघतं. आता याकडे दुर्लक्ष परवडणार नाही. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघी ४७ दिवस. वर्षातून एकदा आठवणीनं बदलायचे दिवस संपले.

जरा जपून

ओटीपी पाठवणारा एपीआय दर पाच मिनिटांच्या तपासणीला लावू नका. दिवसाला २८८ एसएमएस जातील आणि बिल तुम्हालाच येईल. पेमेंटसाठी गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा, टेस्ट मोडच वापरायचा, त्यात खरे पैसे हलत नाहीत. नवीन बिल किंवा नोंद तयार करणाऱ्या विनंत्या चाचणीच्या वेगळ्या खात्यावरच चालवायच्या, नाहीतर वर्षअखेरीला सीए विचारतील हा ‘टेस्ट ग्राहक’ कोण. रुग्णांची खरी नावं किंवा खरे खाते क्रमांक चाचणीत घालायचे नाहीत, यात आम्ही सूट देत नाही.

हे साधन चूक दाखवतं, दुरुस्त करत नाही. ते काम तुमच्या प्रोग्रॅमरचं. एकदम हजार माणसं आली तर सर्व्हर तग धरेल का, किंवा कुणी हॅक करू शकेल का, त्या तपासण्या वेगळ्या आणि त्या आम्ही करत नाही.

सुरुवात करताना प्रोग्रॅमरकडून तीन गोष्टी मागून घ्या: एपीआयच्या पत्त्यांची यादी, प्रत्येकाच्या बरोबर उत्तराचा एक नमुना, आणि शक्यतो फक्त वाचण्याची परवानगी असलेली वेगळी एपीआय की, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली. ती की व्हॉट्सॲपवर फिरवू नका, आमच्या पॅनेलमध्ये स्वतः भरा. भरल्यावर ती आम्हालाही दिसत नाही. सगळे पत्ते पहिल्याच दिवशी लावायची घाई नको. ज्याच्यावाचून धंदा अडतो असे तीन-चार आधी घेऊ. आणि इशाऱ्यासाठी दोन मोबाइल नंबर लागतील, त्यातला एक तरी रात्री फोन उचलणाऱ्याचा असावा. मालकांचा नंबर सगळे देतात. रात्रपाळीच्या माणसाचा दिलात तर बरं.