मिनेसोटात शहराचं ‘ईडीए’ कसं स्थापन होतं: पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रं

पहिला प्रश्न हमखास हाच येतो: अर्ज कुठे करायचा? कुठेच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात इकॉनॉमिक डेव्हलपमेंट ऑथॉरिटी (शहराच्या आर्थिक विकासाचं काम पाहणारी संस्था), म्हणजे बोलीभाषेत ‘ईडीए’, स्थापन करायला राज्याचा फॉर्म नाही, फी नाही की राजधानीतून मंजुरी आणायची नाही. राज्याच्या कायद्याच्या ४६९ व्या प्रकरणाने (कलम ४६९.०९० पासून पुढे) हा अधिकार थेट सिटी कौन्सिलला दिलेला आहे. पोर्ट ऑथॉरिटी (आर्थिक विकासासाठीचीच दुसऱ्या प्रकारची संस्था) हवी असेल तर विधिमंडळाकडून खास कायदा करून घ्यावा लागतो, ईडीएसाठी कौन्सिलचा ठराव पुरतो. म्हणून लहान शहरं बहुधा हाच रस्ता धरतात.

पात्रतेचं फार काही नाही. स्वतःची सनद (चार्टर) असलेलं शहर असो की राज्याच्या सर्वसाधारण कायद्याने चालणारं, दोघांनाही ईडीए काढता येतं आणि लोकसंख्येची अट नाही. काउंटीसाठी मात्र वेगळं कलम आहे, ४६९.१०८२.

खरं काम आहे ते ‘इनेबलिंग रिझोल्यूशन’चं, म्हणजे स्थापनेच्या ठरावाचं. ठराव लेखी हवा आणि तो मंजूर करण्याआधी जनसुनावणी घ्यायलाच हवी. सुनावणीची नोटीस शहरात खप असलेल्या वृत्तपत्रात सलग दोन आठवडे, आठवड्यातून एकदा छापायची. तिच्यात वेळ, ठिकाण, सुनावणीचा हेतू आणि ठरावाचा सारांश असला पाहिजे. सारांश विसरून नुसती तारीख छापली तर ती नोटीस अपुरी. शिवाय पहिली नोटीस सुनावणीच्या ३० दिवसांहून आधी छापलेली चालत नाही.

ही ३० दिवसांची अट उलटी आहे, म्हणून गोंधळ होतो. लोकांना वाटतं, जितकं लवकर छापू तितकं चांगलं. समजा सुनावणी सोमवारी २२ जूनला आहे आणि गावचं साप्ताहिक दर गुरुवारी निघतं. ४ आणि ११ जूनच्या अंकात नोटीस आली की काम झालं. उत्साहात २१ मेच्या अंकात पहिली नोटीस दिली तर ती ३२ दिवस आधीची होते आणि मुदत मोडते. क्लार्कने (शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने) तारखा बोटांवर न मोजता कॅलेंडरवर खुणा करून मोजाव्यात, आणि वृत्तपत्राकडून नोटीस छापल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन फाइलला लावावं.

ठरावात ईडीएच्या मंडळाची सदस्यसंख्या लिहावी लागते: तीन, पाच किंवा सात. नेमणूक महापौर करतात, कौन्सिल संमती देते. पाच आणि सात सदस्यांच्या मंडळात निदान दोघे कौन्सिलमधले असावे लागतात. पहिल्या नेमणुकांच्या मुदती मुद्दाम मागेपुढे ठेवतात (तिघांचं मंडळ असेल तर दोन, चार आणि सहा वर्षं), म्हणजे सगळे एकदम निवृत्त होत नाहीत. त्यानंतरची प्रत्येक मुदत सहा वर्षांची.

दुसरा पर्याय असा की अख्खी कौन्सिलच ईडीए म्हणून बसते. तशी तरतूद ठरावात करता येते. सोयीचं आहे, पण शिस्त लागते. कौन्सिलची सभा तहकूब करायची, मग त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांनी ईडीएची सभा सुरू करायची: हजेरी नव्याने, विषयपत्रिका वेगळी, इतिवृत्त वेगळं. एका इतिवृत्तात दोन्ही कामं कोंबली की पुढे जमीनविक्रीच्या वेळी वकील हमखास विचारतो, हा ठराव नेमका कोणाचा?

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो कलम ४६९.०९२ ला. ईडीए कायद्याने स्वतंत्र संस्था आहे. त्यामुळे लगाम कुठे ठेवायचा, हे कौन्सिलने ठरावातच लिहायचं असतं: अमुक अधिकार आमच्या पूर्वसंमतीशिवाय वापरू नका, रोखे विकण्याआधी विचारा, अंदाजपत्रक शहराच्या पद्धतीने मांडा, निर्णय शहराच्या सर्वंकष आराखड्याशी जुळते ठेवा. दुसऱ्या शहराचा ठराव उतरवून घेताना नेमका हाच भाग न वाचताच उचलला जातो. मर्यादा नंतरही घालता येतात, पण आधीच्या रोख्यांना किंवा करारांना त्यामुळे बाधा येता कामा नये. ठरावातल्या प्रत्येक बदलाला पुन्हा तीच नोटीस आणि तीच सुनावणी.

शहरात आधीच एचआरए, म्हणजे गृहनिर्माण व पुनर्विकासाची संस्था असेल, तर कोणते अधिकार आणि प्रकल्प कोणाकडे, हेही त्याच वेळी ठरवून लिहून ठेवा.

पैशाचं. ईडीएसाठी शहराला करआकारणी करता येते, कमाल मर्यादा अंदाजित बाजारमूल्याच्या ०.०१८१३ टक्के. सगळ्या मालमत्तेचं मूल्य ५० कोटी डॉलर असलेल्या शहरात ही रक्कम वर्षाला ९०,६५० डॉलर होते. एखाद्या कर्मचाऱ्याचा पगार आणि वर थोडंफार, एवढंच. मर्यादेपलीकडे जायचं तर पुन्हा नोटीस आणि सुनावणी. त्यावर मागच्या सार्वत्रिक निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या ५ टक्के इतक्या मतदारांनी ३० दिवसांत सह्या करून अर्ज दिला, तर विषय मतदानालाच जातो.

मंडळाच्या पहिल्या सभेत पोटनियम मंजूर करायचे, शिक्का ठरवायचा आणि पदाधिकारी निवडायचे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकच व्यक्ती असू शकत नाही. सचिव मात्र मंडळाचा सदस्य नसला तरी चालतो, म्हणून बऱ्याचदा हे काम क्लार्ककडेच येतं. खजिनदाराला हमीपत्र द्यावं लागतं: हाताशी राहू शकणाऱ्या रकमेच्या दुप्पट, पण ३,००,००० डॉलरच्या वर नाही.

फाइलमध्ये शेवटी असायला हवं: सहीचा ठराव, नोटीस आणि तिचं प्रतिज्ञापत्र, सुनावणीचं इतिवृत्त, नेमणुका आणि त्यांवरची संमती, पोटनियम, हमीपत्र, पहिलं अंदाजपत्रक. आणि क्लार्कच्या कॅलेंडरवर आणखी एक खूण: ठरावाच्या वाढदिवसाच्या ६० दिवसांच्या आत ईडीएने दरवर्षी कौन्सिलला अहवाल द्यायचा असतो, ठरावात काही बदल हवा का आणि कोणता. तो मिळाल्यावर कौन्सिलला विचार करायला ३० दिवस मिळतात.