गोटी सोडा (गोवा)

गोटी सोडा म्हणजे गळ्यात काचेची गोटी असलेल्या जाड बाटलीतला वायू भरलेला सोडा. गोव्यात तो जत्रेतल्या फेरीत (दुकानांच्या तात्पुरत्या बाजारात), बाजाराच्या दिवशी आणि गाड्यांवर मिळे: साधा, रंगीत गोड, किंवा लिंबू पिळून मीठ घातलेला.

बाटलीची रचना हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची, १८७० च्या दशकातली. बाटली उलटी धरून दाबाने सोडा भरतात. सरळ करताच आतला वायू गोटीला वर रेटतो आणि ती तोंडाच्या रबरी कड्यावर घट्ट बसते. बूच लागतच नाही. फोडताना गोटी अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने आत दाबायची. मोठा आवाज होतो, फेस उसळतो. गळ्याला मुद्दाम दाबून केलेले खळगे असतात. ते खालच्या बाजूला ठेवून ओतले, की गोटी त्यांत अडकून राहते आणि धार थांबत नाही. इतकी साधी आणि इतकी नेमकी युक्ती पेयांच्या जगात विरळाच. मुलांना सोड्याहून त्या गोटीचेच आकर्षण जास्त असे.

हा धंदा मुळातच गावपातळीवरचा. भरलेली जड बाटली फार दूर नेणे परवडत नाही आणि रिकामी परत आल्याशिवाय पुढचा माल भरता येत नाही. म्हणून भरणारा, गाडेवाला आणि गिऱ्हाईक एकाच टापूतले असत. वैशाखातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेसारख्या उन्हाळी गर्दीत थंड सोड्याला मागणी असायचीच.

उतरणीची कारणे बाटलीतच होती. गोटीमुळे आतून घासणे अवघड, रबर झिजले की वायू निसटतो, आणि बाटली फुटली की नुकसान मोठे. विल्यम पेंटरचे पत्र्याचे बूच १८९२ मध्ये आले आणि पाश्चात्त्य देशांत कॉडची बाटली हळूहळू मागे पडली. जपानमध्ये ती ‘रामुने’ या पेयासाठी टिकली. भारतात ती आणखी कित्येक दशके चालली. पुढे मोठ्या कंपन्यांची शीतपेये फ्रीजसह दुकानांत शिरली, पाठोपाठ प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. गोव्यात उन्हाळ्यातल्या हुर्राकात (काजूच्या बोंडांच्या सौम्य दारूत) मिसळायलाही लिम्का सर्रास वापरली जाऊ लागली.

अलीकडे गोटी सोडा नव्या वेष्टनात पुन्हा विकला जातो आणि परदेशीही जातो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण रिकामी बाटली त्याच गावात परतून पुन्हा भरली जाण्याचा जुना फेरा त्यात उरलेला नाही.