जुनी जीप घरी दुरुस्त करताय? आरसी रिन्यूअल आणि बदलाची परवानगी, बेळगाव भागातल्या लोकांसाठी माहिती

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या गावांत अजून बऱ्याच घरांत जुनी महिंद्रा नाहीतर जिप्सी उभी असते. पावसाळ्यात चिखलातनं शेतापर्यंत तीच जाते, म्हणून विकायला कोण तयार नसतं. काम पण बहुतेक घरीच होतं, लेथचं काही असलं तर बेळगावच्या उद्यमबागेत जायचं, पार्ट नाही मिळाला तर कोल्हापूर. गाडी अडते ती कागदात. इंजिन झकास, ब्रेक नवीन, आणि आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, संपून तीन वर्षं झालेली, किंवा आरसीवर पेट्रोल लिहिलंय आणि बॉनेट उघडलं की डिझेल. अशा गाडीला एक अपघात झाला की इन्शुरन्स कंपनी हात वर करायला मोकळी आणि सगळं मालकाच्या अंगावर. म्हणून पाना हातात घेण्याआधी आरसी हातात घ्या, हे माझं कळकळीचं सांगणं.

खाजगी गाडीची आरसी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते, पुढं दर वेळी ५ वर्षांसाठी रिन्यू करावी लागते. तुमची कधी संपते ते परिवहनच्या साइटवर नाहीतर डिजीलॉकरमध्ये दिसतं. जुनी पुस्तकवाली आरसी असली आणि नंबर टाकल्यावर काहीच दिसत नसलं तर ती कॉम्प्युटरवर चढलेलीच नाही, आधी आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यायची, त्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढं सरकत नाही. मोबाइल नंबर पण आधीच अपडेट करा, ओटीपी त्याच्यावरच येतो, आणि जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा एजंटचा नाहीतर आधीच्या मालकाचा नंबर लागलेला असतो.

ऑफिस कुठलं हे पत्त्यावर ठरतं. बेळगाव, खानापूरवाल्यांना बेळगावचं केए-२२, निपाणी आणि चिक्कोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४, गोकाकला केए-४९, अथणीला केए-७१.

रिन्यूअलचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांपासून करता येतो, आणि मी म्हणेन पहिल्याच आठवड्यात करा, कारण इन्स्पेक्शनमध्ये काही निघालं तर दुरुस्त करायला वेळ हातात राहतो. सोबत ओरिजिनल आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन नाहीतर फॉर्म ६०, टॅक्स भरल्याचा कागद आणि चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट. जुनं फायनान्स कधीच फिटलं असेल पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन ते आधी उडवा. आधार, आरसी आणि इन्शुरन्सवर नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं असलं तर तेही आताच एकसारखं करा, आपल्याकडं मराठी नाव कन्नडमधनं इंग्रजीत जाताना हमखास बदलतं.

फीचं बघा. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या चारचाकी हलक्या गाडीला रिन्यूअल ५,००० रुपये झालंय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते १०,००० केलं. उशीर झाला तर खाजगी चारचाकीला दर महिन्याला ५०० जादा, म्हणजे तीन वर्षं गाडी तशीच ठेवली तर दंडच १८,००० होतो, त्यात एक चांगला गिअरबॉक्स ओव्हरहॉल होईल. शिवाय कर्नाटकचा ग्रीन टॅक्स. अर्ज भरताना पोर्टल जो आकडा दाखवेल तोच शेवटचा धरा, आणि पैसे कोणीही भरू दे, रिसीट तुमच्या गाडीच्या नंबरची आणि तुमच्या हातात पाहिजे.

आता इन्स्पेक्शन, आणि इथंच घरच्या कामाचा खरा उपयोग होतो. इन्स्पेक्टर आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर बघतो. आपल्या लाल मातीत आणि पावसात चासीवरचा नंबर गंजतो नाहीतर ग्रीसच्या थराखाली जातो, तर तो डिझेलनं आणि मऊ ब्रशनं साफ करायचा. ग्राइंडर, खरखरीत पॉलिश पेपर तिथं अजिबात लावायचा नाही, वर पुट्टी मारायची नाही. नंबर खरंच खाऊन गेला असला तर आरटीओत अर्ज करून त्यांच्या परवानगीनं परत पंच करून घेता येतो. ओळखीच्या लेथवाल्याकडनं गुपचूप पंच करून आणला तर ती गाडी चोरीची ठरायला वेळ लागत नाही, भले ती तुमच्या आजोबांनी शोरूममधनं आणलेली असू दे.

मग ब्रेक. जुन्या जीपला चारही ड्रम असतात आणि वर्षभर उभी राहिली की व्हील सिलिंडर जाम होतात, चाक एका बाजूला ओढतं. चारही व्हील सिलिंडरची आणि मास्टर सिलिंडरची रबर किट एकदमच बदला, एकेक बदलत बसू नका, आणि एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. मागचं ऑइल सील गळत असलं तर लायनरवर तेल येतं, तेव्हा सील न बदलता नवीन लायनर घालणं म्हणजे पैसे पाण्यात. हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते बघा, पुष्कळ जण त्याच्याकडं बघतच नाहीत. स्टेअरिंगचा प्ले हा दुसरा मोठा विषय, किंगपिन आणि टाय रॉड एंड झिजलेले असतात आणि लोक नुसता स्टेअरिंग बॉक्स टाइट करतात, त्यानं स्टेअरिंग जड होतं पण गाडी डुलायची थांबत नाही. जॅकवर चाक उचलून वर-खाली आणि आडवं हलवून बघा म्हणजे काय झिजलंय ते कळतं. जॅकबरोबर स्टँड पाहिजेच पाहिजे, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका.

लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, आरसे, स्पीडोमीटर, मागचे रिफ्लेक्टर हे सगळं चालू पाहिजे. जुन्या जीपचं निम्मं लाइटचं दुखणं अर्थिंगचं असतं, बल्ब बदलायच्या आधी अर्थची जागा घासून बघा.

धुराचं पण सांगतो. बीएस, म्हणजे भारत स्टेज, हे गाडीच्या धुराचे सरकारी टप्पे. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीमध्ये ६५ हार्ट्रिज युनिटपर्यंत (धुराचा काळेपणा मोजायचं माप) धूर चालतो, आणि जुन्या पेट्रोल गाडीला, म्हणजे बीएस-२ च्याही आधीच्या, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमपर्यंत. डिझेल काळा धूर सोडत असली तर आधी एअर फिल्टर बघा, ऑइल बाथवाला असला तर त्यातलं तेल चिखलासारखं झालेलं असतं. मग टॅपेट आणि नोझल. नोझलचं प्रेशर आणि इंजिनच्या डिझेल पंपाचं सेटिंग मात्र पंप दुरुस्त करणाऱ्याच्या बेंचवरच होतं, घरी स्क्रू फिरवून पंप बिघडवू नका. टेस्टला नेताना इंजिन चांगलं गरम करून न्या, थंड इंजिन जास्त धूर टाकतं. बीएस-४ आधीच्या गाडीची पीयूसी सहा महिनेच चालते हे लक्षात ठेवून इन्स्पेक्शनच्या जवळची तारीख घ्या.

आता ज्याच्यावरनं सगळ्यात जास्त वाद होतात ते, म्हणजे बदल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं गाडी जशी बनवली आणि आरसीवर जसं लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळी करायची नाही, असं ते कलम सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे नीट वाचा.

झिजलेला पार्ट काढून तसाच पार्ट घालणं ही दुरुस्ती, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. क्लच प्लेट, पाटे, शॅकल बुश, रेडिएटर, वायरिंग, सीटचं कव्हर, फाटलेलं हूड, सडलेल्या फ्लोअरचा पत्रा कापून नवीन वेल्ड करणं, इंजिनचं बोअर-पिस्टन हे सगळं बिनधास्त करा, फक्त बिलं ठेवा. इंजिन अख्खं बदललं तर तो बदल झाला. त्याला आधी आरटीओची परवानगी, त्याच मॉडेलला बसणारं त्याच इंधनाचं इंजिन, त्याचं बिल, जुन्या गाडीतनं काढलेलं असलं तर त्या गाडीचे कागद आणि ते चोरीचं नाही याचा पोलिसांकडचा दाखला, आणि बसवल्यावर गाडी दाखवून आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायचा. परवानगी न घेताच इंजिन बदललं गेलं असेल तर कलम ५२ मध्येच १४ दिवसांत कळवायला सांगितलंय, ते टाळू नका. गाडीवर कर्ज असलं तर फायनान्सवाल्याची लेखी संमती पण लागते.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट घालायला कायद्यात वाट आहे, पण किट मान्यताप्राप्त पाहिजे, फिटिंग अधिकृत सेंटरमध्ये, आणि आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. सीएनजी सिलिंडरची टेस्ट दर ३ वर्षांनी. उलट पेट्रोल जीपमध्ये कोणीतरी कधीतरी डिझेल इंजिन टाकलेलं असलं आणि आरसीवर पेट्रोलच असलं तर अशी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, रिन्यूअलच्या दिवशी ती तिथंच अडकणार.

रंग बदलता येतो, आधी अर्ज आणि नंतर आरसीवर नोंद, पण ऑलिव्ह ग्रीन नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, लहानपणापासून आर्मीच्या गाड्या बघितलेल्या, त्यामुळं जीप म्हटलं की हाच रंग डोळ्यासमोर येतो हे मला पण कळतं, पण केंद्रीय नियम १२१ प्रमाणं तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. पुढचे बुलबार, म्हणजे बंपरपुढचे लोखंडी गार्ड, २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्रानं सगळ्या राज्यांना कळवून बेकायदा ठरवलेत. काळी फिल्म २०१२ पासून सुप्रीम कोर्टानं बंद केलीय, मल्टीटोन हॉर्नही चालत नाही. टायरचं माप कंपनीनं दिलेलंच ठेवा, मडगार्डच्या बाहेर आलेली रुंद चाकं दिसायला भारी पण किंगपिन आणि व्हील बेअरिंग लवकर खातात, म्हणजे कायदा बाजूला ठेवला तरी गाडीचं नुकसानच. मागं जादा बाक टाकून सीट वाढवणं, सॉफ्टटॉपची हार्डटॉप करणं, हे आरसीवरच्या सीट आणि बॉडीशी जुळत नाही, तेव्हा आधी विचारा. पॉवर स्टेअरिंग, डिस्क ब्रेकचं पण तसंच, किटचे कागद लावून लेखी अर्ज द्या आणि उत्तर लेखीच घ्या, तोंडी ‘चालतंय की’ वर चासीला गॅस कटर लावू नका. अर्ज ऑनलाइन करताना सेवेचं नाव ‘अल्टरेशन ऑफ व्हेइकल’ असं दिसतं.

काही घरांची वेगळी प्रकरणं असतात. गाडी वारलेल्या वडलांच्या नावावर असली तर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ नं नावावर करून घ्यायची. मृत्यू दाखला, नाडकचेरीतनं वंशावळ, बाकीच्या वारसांचं संमतीचं ॲफिडेव्हिट. वर्षं गेली असली तरी हे आधी आणि रिन्यूअल नंतर. महाराष्ट्र पासिंगची, म्हणजे एमएच-०९ किंवा एमएच-१० ची जीप आणून इथं १२ महिन्यांवर ठेवली तर कर्नाटकचा नंबर घ्यावा लागतो, तिकडच्या आरटीओची एनओसी फॉर्म २८ वर, इथं फॉर्म २७, विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीच्या वयाप्रमाणं लाइफटाइम टॅक्स. माझं मत, आरसी संपत आली असेल तर तिकडंच रिन्यू करून मग आणा. आर्मीच्या लिलावातली गाडी असेल तर संबंधित अधिकाऱ्यांचं ओरिजिनल विक्री प्रमाणपत्र फॉर्म २१ मध्ये लागतं, झेरॉक्सवर सौदा करू नका. आणि सरकारी खात्याची १५ वर्षांवरची जीप कोणी रोडवर चालवायला म्हणून देत असेल तर लांब राहा, १ एप्रिल २०२३ पासून तसल्या गाड्यांची आरसी रिन्यू होत नाही, त्या स्क्रॅपलाच जातात.

५० वर्षांवरची विलीज किंवा जुनी महिंद्रा असेल आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणं व्हिंटेज नोंदणी करता येते, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं वैधता, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, शो, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला एवढंच. शेतावर न्यायची असेल तर साधं रिन्यूअलच करा.

फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत असतात, ॲफिडेव्हिट लिहिताना नोटरीकडनं मजकूर मराठीत समजून घेऊनच सही करा. अर्ज दिल्यावर पोच घ्या, कर्नाटक सरकारच्या ‘सकाल’ योजनेखाली (ठरलेल्या मुदतीत सरकारी काम करून द्यायची योजना) येणारी सेवा असली तर तो नंबर पण मागून घ्या, त्यावर काम किती दिवसांत व्हायला पाहिजे ते कळतं. रिन्यू होऊन आरसी आली की चासी नंबर, इंजिन नंबर, इंधन, रंग, सीट एकेक अक्षर तपासा आणि इन्शुरन्सवालाही तेच लिहितोय का बघा. नंबर प्लेट एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटीवाली, नसेल तर ती पण याच वेळी बुक करा.