शालेय शिक्षणातील होमर

होमरच्या नावावर असलेली इलिअड व ओडिसी ही दोन प्राचीन ग्रीक महाकाव्ये आणि त्यांच्या आगेमागे असलेल्या पुराणकथा शाळेत शिकवण्याची प्रथा. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्समध्ये ती पक्की रुजलेली दिसते. अधूनमधून खंड पडत, रूप बदलत ती आजही ग्रीस, इटली, फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका अशा अनेक देशांत चालू आहे. काव्ये साधारणतः इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास आकाराला आली असे मानतात. ट्रॉयच्या युद्धातली कथा सांगणारे इलिअड सुमारे १५,७०० ओळींचे, त्या युद्धानंतर ओडिसियसच्या घरी परतण्याची कथा सांगणारे ओडिसी सुमारे १२,१०० ओळींचे; दोहोंचे सर्ग प्रत्येकी २४. यांतली एकही ओळ मुलांसाठी रचलेली नव्हती. तरीही ती मुलांच्या हाती दिली गेली, आणि प्रत्येक काळातल्या मास्तरांना कुठे ना कुठे घसा खाकरावा लागला. त्या जागा काळाप्रमाणे बदलत गेल्या, आणि या प्रथेचा इतिहास मुख्यतः त्या जागांचा इतिहास आहे.

अथेन्स

पायदागोगोस म्हणजे मुलाला शाळेत पोचवणारा घरचा गुलाम. त्याच्याबरोबर मुलगा अक्षरे शिकवणाऱ्या ग्रामातिस्तेसकडे जाई. लिहितावाचता येऊ लागले की बाकावर बसवून चांगल्या कवींची काव्ये त्याच्याकडून पाठ करून घेत, असे प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ या संवादात सांगितले आहे. घोकंपट्टीची मजल कुठवर जाई याचा मासला झेनोफन या ग्रीक लेखकाच्या ‘मेजवानी’त सापडतो. नायसियास या सेनापतीचा मुलगा निकेरातोस सांगतो, की मी चांगला माणूस व्हावे म्हणून वडिलांनी मला सगळा होमर पाठ करायला लावला आणि आजही दोन्ही काव्ये मी मुखोद्गत म्हणू शकतो. पंक्तीतला एकजण लगेच म्हणतो, ते तर रॅप्सोडही म्हणतात, आणि त्यांच्याइतके मूर्ख कोणी पाहिलेत का? (रॅप्सोड म्हणजे काठी घेऊन उत्सवांत होमर म्हणून दाखवणारे व्यावसायिक गायक.) निकेरातोस मागे हटत नाही. होमर वाचला की घरसंसार, सैन्य चालवणे, रथ हाकणे सगळे येते, असे तो सांगतो आणि पुरावा म्हणून मद्याबरोबर कांदा चांगला लागतो हेही होमरने लिहिल्याचे दाखवून देतो. इलिअडच्या अकराव्या सर्गात ती ओळ खरोखरच आहे.

प्लूटार्कने सांगितलेली अल्किबियाडीझची गोष्ट याच काळातली. तरुण अल्किबियाडीझने एका मास्तराकडे होमरची पोथी मागितली. नाही म्हणताच त्याने मास्तरालाच गुद्दा हाणला आणि चालता झाला. होमर नसलेली शाळा म्हणजे शाळाच नव्हे, असा त्याचा अर्थ.

भाषा मात्र मुलांच्या तोंडातली नव्हती. होमरची ग्रीक ही आयोनियन बोलीच्या पायावर इतर बोलींतले आणि जुने शब्द मिसळून, हेक्झॅमिटर या सहा गणांच्या वृत्तात बसेल अशी घडवलेली काव्यभाषा होती. ती तशीच्या तशी कोणत्याही गावात कधी बोलली गेली नाही. आजच्या मराठी मुलापुढे १२९० सालची ज्ञानेश्वरी ठेवली तर ओळखीच्या शब्दांमध्ये जशी दर ओवीला ठेच लागते, तशीच अथेन्सच्या मुलाला लागत असणार. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या इ.स.पू. ४२७ मधल्या पहिल्या नाटकाचे आज तुकडेच उरले आहेत. त्यांतल्या एकात एक म्हातारा पोराला होमरमधल्या अवघड शब्दांचे अर्थ विचारून पेचात पकडतो. शब्दार्थ विचारणे हीच परीक्षा, हे तेव्हापासूनचे आहे.

देवांचे वर्तन

पहिली अडचण देवांची होती. झेनोफेनीस हा तत्त्वचिंतक मान्य करतो की सुरुवातीपासून सगळे होमरकडूनच शिकले. पण चोरी, व्यभिचार, फसवणूक, माणसांत जे जे लाजिरवाणे ते सगळे होमर आणि हेसिअड हा दुसरा जुना कवी यांनी देवांना चिकटवले, अशी त्याची तक्रार आहे. हेराक्लायटसने तर होमरला स्पर्धांतून हाकलून बडवावे म्हटले. यातून सुटण्याची वाट रेगियमच्या थिआजेनीसने इ.स.पू. सहाव्या शतकातच काढली होती. देवांची लढाई म्हणजे पाणी आणि अग्नी, कोरडे आणि ओले यांचा झगडा, असा रूपकात्मक अर्थ तो लावी. ज्याला पुराणातली वांगी पुराणातच ठेवायची नसतात त्याला रूपक कामी येते, आणि पुढे हजारभर वर्षे ते आले.

प्लेटोला ही पळवाट मंजूर नव्हती. ‘रिपब्लिक’मध्ये तो म्हणतो, गोष्टीत रूपक असो वा नसो, लहान मुलाला ते कळत नाही. मग तो गाळायच्या ओळींची यादीच देतो. देवांचा राजा झ्यूस पत्नी हेराला पाहून भान हरपतो तो प्रसंग नको. लोहारदेव हेफेस्टस आपल्या बायकोला, अ‍ॅफ्रोडाइटीला, युद्धदेव एरीझबरोबर जाळ्यात पकडतो तो नको. पाताळात इलिअडचा नायक अकिलीझ याची छाया ओडिसियसला म्हणते, की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मोलमजुरी केलेली बरी. तेही नको, कारण असे ऐकून वाढलेला सैनिक मरायला भिईल. प्लेटोची यादी नैतिक आहे, पण तिच्यामागचे वाचन फार बारीक आहे. त्याने काढायला सांगितलेल्या ओळी एकत्र केल्या तर होमरमधला बराचसा उत्तम भाग हाती लागतो. याच ग्रंथाच्या शेवटच्या भागात ‘होमरने ग्रीसला शिकवले’ असे म्हणणाऱ्यांचा उल्लेख येतो. तो कौतुक म्हणून नेहमी उद्धृत होतो. तिथे मात्र ते वाक्य खोडून काढण्यासाठी घेतले आहे.

पपायरस आणि खापऱ्या

वर्गात प्रत्यक्ष काय चाले याचा उत्तम पुरावा ग्रीसमध्ये नाही, इजिप्तच्या कोरड्या वाळूत मिळाला. अलेक्झांडरनंतर तिथे ग्रीक शाळा निघाल्या आणि मुलांचे लिखाण पपायरसवर, खापरांवर, मेण थापलेल्या लाकडी पाट्यांवर टिकून राहिले. त्यात होमर सगळ्यांत जास्त. ओडिसीपेक्षा इलिअड कितीतरी जास्त. आणि इलिअडमध्येही पहिले काही सर्ग. उघडच आहे. अभ्यासक्रम पहिल्या पानापासून सुरू होई आणि बहुतेकांची शाळा शेवटचे पान येण्याआधी सुटे. ‘होमर माणूस नव्हे, देव’ हे वाक्य कित्ता म्हणून गिरवायला दिलेले आढळते.

सर्वांत बोलका प्रकार म्हणजे दोन रकान्यांची शब्दसूची. डावीकडे होमरचा शब्द काव्यात येतो त्याच क्रमाने, उजवीकडे रोजच्या ग्रीकमधला प्रतिशब्द. आपल्याकडच्या मार्गदर्शकांतला शब्दार्थांचा तक्ता यापेक्षा वेगळा नाही. तत्त्वज्ञ काहीही म्हणोत, वर्गाचे काम या दोन रकान्यांवर चाले. त्याच इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात, झेनोडोटस आणि अ‍ॅरिस्टार्कस हे पंडित पाठभेद तपासून संशयास्पद ओळींपुढे ओबेलोस नावाची आडवी रेघ मारत होते.

रोम आणि चर्च

रोमने होमर भाषांतरातून शाळेत आणला. लिव्हिअस अँड्रोनिकस याने इ.स.पू. तिसऱ्या शतकात ओडिसी लॅटिनमध्ये उतरवली. रोमन कवी होरेसला ती मास्तर ऑर्बिलिअसच्या छडीसकट आठवते; ‘मारकुटा’ हे त्याने दिलेले विशेषण दोन हजार वर्षे त्या मास्तरांना चिकटून आहे. पुढे लॅटिन वर्गात व्हर्जिल या रोमन कवीचे इनीड हे महाकाव्य आले. वक्तृत्वशिक्षक क्विन्टिलियन मुलांचे वाचन होमर आणि व्हर्जिल यांच्यापासून सुरू करावे म्हणतो. ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात कबूल करतो की इनीडमधल्या डायडो राणीच्या मरणावर मी रडलो, पण होमर मला कडू लागे, कारण परकी भाषा शिक्षेच्या धाकाने शिकवली जाई.

ख्रिस्ती काळात प्रश्न थेट श्रद्धेचा झाला. ३६२ मध्ये सम्राट ज्युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना अडवले: ज्यांचा या देवांवर विश्वास नाही त्यांनी होमर आणि हेसिअड शिकवू नयेत, चर्चमध्ये जाऊन मॅथ्यू व ल्यूक यांची शुभवर्तमाने शिकवावीत. हुकूम फार टिकला नाही. संत बेसिलने तरुणांना मधमाशीसारखे वागायला सांगितले. चांगले तेवढे टिपा, बाकी सोडा, आणि खलाशांना गाण्याने भुलवून मारणाऱ्या सायरेनांच्या गाण्यापुढे ओडिसियसने कान बंद केले तसे तुम्हीही करा. होमरमध्ये मेण सोबत्यांच्या कानात असते. ओडिसियस स्वतःला डोलकाठीला बांधून घेऊन गाणे पुरेपूर ऐकतो. बेसिलची चूक असो वा सोय, बिझँटिअमच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, शाळांनी कान उघडेच ठेवले. बाराव्या शतकात थेसालोनिकीचा आर्चबिशप युस्टेथिअस याने दोन्ही काव्यांवर प्रचंड भाष्य लिहिले. ग्रीक होमर छापला गेला तो १४८८ मध्ये फ्लॉरेन्सला.

परीक्षा, साम्राज्य आणि मुंबई

एकोणिसाव्या शतकात जर्मन जिम्नाझिउम (विद्यापीठाची तयारी करून घेणारी शाळा) आणि इंग्रजी पब्लिक स्कूल (श्रीमंतांची खासगी शाळा) यांनी होमरला वरच्या वर्गाची ओळखपत्रिका केले. त्याची झळ हिंदुस्थानला लागली. भारतीय मुलकी सेवेच्या स्पर्धापरीक्षेसाठी मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये जी गुणवाटणी सुचवली तिच्यात ग्रीकला ७५० गुण होते आणि संस्कृतला ३७५. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत आणि केंब्रिजमध्ये ग्रीक शिकलेले अरविंद घोष या परीक्षेच्या लेखी भागात उत्तीर्ण झाले, घोडेस्वारीच्या चाचणीला गेले नाहीत आणि १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात नोकरीला लागले. इलिअड जिथे संपते त्याच्या पुढची कथा त्यांनी ‘इलियन’ या इंग्रजी हेक्झॅमिटरमधल्या अपुऱ्या महाकाव्यात घेतली.

दुसरा धागा थेट मुंबईचा. रॅली ब्रदर्स या व्यापारी पेढीचे अलेक्झांड्रोस पाल्लिस काही वर्षे मुंबईत होते आणि नंतर लिव्हरपूलला गेले. इलिअड बोलीभाषेतल्या ग्रीकमध्ये आणण्याचे त्यांचे काम १९०४ मध्ये पुरे झाले. ग्रीसमध्ये तेव्हा शाळेची भाषा काथारेवूसा ही संस्कारित ग्रीक होती आणि बोलीत पवित्र वा प्राचीन ग्रंथ आणणे हा अनेकांना अपमान वाटे. पाल्लिस यांनीच केलेले शुभवर्तमानाचे बोलीतले भाषांतर १९०१ मध्ये वृत्तपत्रातून येऊ लागले, तेव्हा अथेन्समध्ये दंगल होऊन माणसे मेली. १९७६ च्या सुधारणेनंतर बोलीची भाषा शिक्षणात आली. आज ग्रीक मुले तिसरीत इतिहासाच्या तासाला पुराणकथा शिकतात. जिम्नासिओच्या, म्हणजे प्राथमिकनंतरच्या शाळेच्या, पहिल्या वर्षी ओडिसी, दुसऱ्या वर्षी इलिअड, दोन्ही आधुनिक ग्रीक भाषांतरातून. शब्दसूचीचा उजवा रकाना असा पूर्ण पुस्तक झाला. इटलीत व्हिन्चेन्झो मोन्तीच्या १८१० च्या इलिअडची पहिली ओळ शाळा सोडून चाळीस वर्षे झालेली माणसेही म्हणून दाखवतात.

काव्य आणि कथा

वर्गात हमखास होणारा घोटाळा म्हणजे महाकाव्य आणि पुराणकथा एकच समजणे. इलिअडमध्ये लाकडी घोडा नाही आणि अकिलीझच्या अंगावरची एकच भेद्य जागा म्हणून प्रसिद्ध असलेली टाचही नाही. दहा वर्षांच्या युद्धातल्या सुमारे पन्नास दिवसांची ती कथा आहे. ‘क्रोध’ या शब्दाने सुरू होते आणि ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीने संपते. घोडा ओडिसीत आठवण म्हणून येतो, त्याची सविस्तर गोष्ट व्हर्जिल सांगतो. अंग अभेद्य व्हावे म्हणून बाळ अकिलीझला पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याचा सर्वांत जुना उपलब्ध उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशिअस या लॅटिन कवीचा आहे. मुलांना मात्र हे सगळे एकाच गाठोड्यात मिळते. ते गाठोडे बांधले एकोणिसाव्या शतकातल्या बालपुस्तकांनी: चार्ल्स लॅम (१८०८), जर्मनीत गुस्टाफ श्वाब, अमेरिकेत हॉथॉर्न. मराठी मुलांनाही ठाऊक असलेली मिडास राजाची गोष्ट पाहा. हात लावताच सोन्याची झालेली त्याची लाडकी लेक ही गोष्ट सांगणाऱ्या ओव्हिड या रोमन कवीत नाही. तिचे मेरीगोल्ड हे नाव हॉथॉर्नने १८५१ मध्ये स्वतः ठेवले आणि तसे सांगूनही टाकले.

आजचा वर्ग

१९३३ ते १९३५ या काळात मिल्मन पॅरी याने युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. ठरीव विशेषणे आणि शब्दबंध हाताशी असले की गायक हजारो ओळी उभ्या उभ्या रचू शकतो, हे त्यातून दिसले. ‘चपळ पायांचा अकिलीझ’ बसलेला असतानाही चपळ पायांचा का, या विद्यार्थ्याच्या जुन्या प्रश्नाला त्यामुळे नीट उत्तर मिळाले.

अमेरिकेत अनेक शाळांमध्ये ओडिसी नववीला असते, फ्रान्समध्ये तिचे उतारे अकरा-बारा वर्षांच्या मुलांना. देवांच्या भानगडींनी आता कोणी अस्वस्थ होत नाही. मुले हसतात आणि पुढे जातात. तास थांबतो तो इलिअडच्या पहिल्या सर्गात, जिथे ब्रिसेइस ही युद्धात पकडलेली बाई दोन पुरुषांच्या मानापमानात वस्तूसारखी हलवली जाते, आणि ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात. ओडिसियसची बायको पेनेलपी हिच्या मागणीदारांची कत्तल झाल्यावर त्यांच्याबरोबर निजलेल्या बारा जणींना तिचा मुलगा टेलिमाकस एकाच दोरीवर फाशी देतो. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडतात, फार वेळ नाही, असे कवी म्हणतो. कित्येक इंग्रजी भाषांतरांत या बारा जणी ‘दासी’ किंवा ‘मोलकरणी’ होत्या. २०१७ च्या एमिली विल्सन यांच्या भाषांतरात त्या सरळ ‘गुलाम’ आहेत. प्लेटोने गाळायला सांगितलेल्या प्रसंगांत हा प्रसंग नव्हता.