कार्यालयीन ईमेल व व्हॉइसमेल

समोरची व्यक्ती जागेवर नसली तरी काम अडू नये म्हणून कर्मचारी वापरतात ती निरोपाची दोन साधने. अमेरिकी संगणक अभियंते रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वसुरी संगणकजाळ्यावर, एका संगणकावरून दुसऱ्यावर ईमेल धाडला. पत्त्यातले ‘ॲट’ चिन्ह त्यांचेच. व्हॉइसमेल म्हणजे फोन उचलला गेला नाही तर आवाजात नोंदवून ठेवलेला निरोप; त्याचे अमेरिकी पेटंट गॉर्डन मॅथ्यूज व सहकाऱ्यांना १९८३ मध्ये मिळाले.

ईमेलमध्ये खरा घोळ पत्त्यांच्या रकान्यांत होतो. ज्याने काम करायचे त्याचे नाव ‘टू’मध्ये, ज्याला नुसती माहिती हवी त्याचे ‘सीसी’त. ‘टू’मध्ये पाच नावे घातली की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी बघेल, काम तसेच पडून राहते. ‘बीसीसी’तले नाव इतरांना दिसत नाही, पण त्याच माणसाने ‘रिप्लाय ऑल’ दाबले की गुपित उघडे पडते. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचे’ लिहून काहीच कळत नाही. ‘मार्चचे बिल : गुरुवारपर्यंत मंजुरी हवी’ असे लिहिले तर मेल न उघडताही काम समजते. पत्ता सगळ्यात शेवटी भरावा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जात नाही.

जोडलेली फाइल पाठवताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते. त्यात दर ३ बाइटचे ४ होतात, म्हणून २० एमबीची फाइल सुमारे २७ एमबी भरते आणि २५ एमबीची मर्यादा असेल तिथून परत येते. अशा वेळी सामायिक फोल्डरची लिंक द्यावी.

व्हॉइसमेलवर नजर फिरवता येत नाही, तो ऐकावाच लागतो. बीप होण्याआधी बोलायला सुरुवात केली तर पहिले शब्द, बहुधा नेमके नावच, गळते. आधी नाव व नंबर, मग काम, शेवटी पुन्हा नंबर; तोही दोन-तीन आकड्यांच्या गटांत, ऐकणाऱ्याला लिहून घेता येईल इतक्या सावकाश. घाईत पुटपुटलेल्या एका आकड्यासाठी अख्खा निरोप पुन्हा ऐकावा लागतो. अर्ध्या मिनिटात आटोपता येत नसेल तर ईमेल बरा.

रजेवरून परतल्यावर व्हॉइसमेलवर फोन करणाऱ्याला ऐकू येणारा स्वागतसंदेश बदलायचा राहून जातो. त्याहून घातक म्हणजे व्हॉइसमेलच्या पेटीचा सुरुवातीला मिळालेला पिन तसाच ठेवणे : काही फोन यंत्रणांत अशा पेटीत शिरून बाहेरचे लोक कंपनीच्या खर्चाने परदेशी कॉल लावतात.

डिलीट केलेला मेल सर्व्हरच्या बॅकअपमध्ये उरू शकतो आणि वादाच्या प्रसंगी पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो.