हिरवी-सोनेरी मोहीम

हिरवी-सोनेरी मोहीम : मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांनी ग्लेझर कुटुंबाच्या मालकीविरुद्ध आणि त्या मालकीपायी क्लबच्या डोक्यावर चढलेल्या कर्जाविरुद्ध चालवलेले आंदोलन. क्लबच्या नेहमीच्या लाल रंगाऐवजी हिरव्या-सोनेरी पट्ट्यांचा मफलर गळ्यात घालून क्लबच्या ओल्ड ट्रॅफर्ड या मैदानावर सामन्याला बसायचे, हे त्याचे दृश्य रूप. मोहिमेला निश्चित असा स्थापना-दिवस नाही. जानेवारी २०१० च्या उत्तरार्धात मफलर दिसू लागले आणि त्या हंगामाच्या अखेरीपर्यंत आंदोलनाचा जोर राहिला, असे सर्वसाधारणपणे मानतात. कल्पना मूळ कोणाची याविषयी एकवाक्यता नाही. मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट (मस्ट) या संघटनेने ती उचलून धरली, एवढे निर्विवाद.

रंगांचा उगम : मँचेस्टर युनायटेडचा पूर्वज न्यूटन हीथ हा क्लब १८७८ मध्ये लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे व वाघिणी बांधणाऱ्या विभागातील कामगारांनी स्थापन केला. हिरवा आणि सोनेरी हे या कामगार-क्लबचे मूळ रंग, अशी मोहिमेमागची धारणा होती. रेल्वे कंपनीच्या गाड्यांवरूनच ते रंग घेतले, असाही खुलासा ऐकू येतो. उपलब्ध पुराव्याशी हे सगळे नीट जुळत नाही. १८९२ च्या सुमाराचे मानल्या जाणाऱ्या एका छायाचित्रात खेळाडूंच्या अंगात लाल-पांढऱ्या चौकटींचे सदरे आणि गडद निळ्या विजारी दिसतात. हिरवे-सोनेरी सदरे संघाने खात्रीने वापरले ते १८९४ ते १८९६ या दोन वर्षांत. १८९६ मध्ये त्यांची जागा पांढऱ्या सदऱ्यांनी घेतली. त्याआधीच्या दशकातही तेच रंग असावेत असे काही क्लब-इतिहासकार धरून चालतात. मात्र त्या काळच्या क्लबांचे सदरे वरचेवर बदलत, हे लक्षात घेता ‘मूळ रंग’ हा दावा सैलपणेच घेणे बरे.

हे रंग मोहिमेत कुठून आले याविषयीचे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. न्यूटन हीथने १८९२ मध्ये फुटबॉल लीगमध्ये प्रवेश केला. त्या घटनेच्या शताब्दीनिमित्त १९९२ ते १९९४ या काळात युनायटेडने अर्धा हिरवा, अर्धा पिवळा आणि गळ्याशी नाडी असलेला तिसरा (नेहमीच्या दोन पोशाखांखेरीजचा) पोशाख वापरला. संघाचा लाडका फ्रेंच खेळाडू एरिक कॅन्टोना याच पोशाखात खेळला. २०१० मध्ये मफलर घालणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या पाठीराख्यांच्या डोळ्यांसमोर १८९४ चा संघ असण्यापेक्षा हा सदरा असण्याचा संभव जास्त. म्हणजे मालकांविरुद्ध उभे राहिलेले प्रतीक क्लबच्याच विक्री-विभागातून लोकांच्या कपाटांत आलेले होते.

रंगांच्या निवडीत आणखी एक विसंगती आहे, आणि मोहिमेवरील लेखनात तिची दखल क्वचितच घेतली जाते. न्यूटन हीथ हा कर्जानेच बुडालेला क्लब होता. जानेवारी १९०२ मध्ये २,६७० पौंडांच्या देण्यापायी त्याच्यावर दिवाळखोरीचा आदेश बजावण्यात आला. जॉन हेन्री डेव्हिस हा ब्रुअरी-मालक आणि आणखी काही जण प्रत्येकी ५०० पौंड घेऊन पुढे आले. एप्रिल १९०२ मध्ये क्लबचे नाव बदलले आणि लाल-पांढरे रंग आले. (कर्णधार हॅरी स्टॅफर्डचा सेंट बर्नार्ड कुत्रा हरवला आणि त्यातून डेव्हिसची गाठ पडली, ही कथा गोड आहे, तिचे तपशील मात्र सांगणाऱ्यागणिक बदलतात.) तेव्हा ज्या रंगांना पाठीराख्यांनी धनिकांपूर्वीच्या काळाचे चिन्ह मानले, तो काळ कर्जाचाच होता. फरक एवढाच की डेव्हिसने स्वतःचा पैसा क्लबात घातला. फेब्रुवारी १९१० मध्ये खुले झालेले ओल्ड ट्रॅफर्ड त्याच्याच पैशावर उभे राहिले. मोहीम ऐन भरात असताना, फेब्रुवारी २०१० मध्ये, या मैदानाची शंभर वर्षे पुरी झाली.

मालकी आणि कर्जाची रचना : युनायटेडचे समभाग १९९१ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात आले. १९९८ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने सुमारे ६२ कोटी ३० लाख पौंडांना क्लब घेऊ केला. भागधारक पाठीराख्यांनी त्याविरुद्ध संघटना बांधली आणि एप्रिल १९९९ मध्ये ब्रिटिश सरकारने मक्तेदारी आयोगाच्या शिफारशीवरून तो व्यवहार रोखला. मस्टचे मूळ या लढ्यात आहे. मालक अडवता येतो, हा विश्वासही तिथलाच.

२००५ मध्ये तो फोल ठरला. अमेरिकन उद्योजक माल्कम ग्लेझर २००३ पासून समभाग गोळा करत होता. १२ मे २००५ रोजी जॉन मॅग्निअर आणि जे. पी. मॅक्मॅनस या आयरिश भागीदारांनी आपला २८.७ टक्के वाटा त्याला विकला. ‘रॉक ऑफ जिब्राल्टर’ या शर्यतीच्या घोड्याच्या पैदाशीच्या हक्कावरून मॅग्निअर आणि व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्यात आधी मोठा तंटा झाला होता. तो २००४ मध्ये मिटला. विक्रीशी त्याचा संबंध कितपत लावावा याविषयी मतभेद आहेत. भाव मिळाला समभागाला ३०० पेन्स, म्हणजे संपूर्ण क्लबची किंमत सुमारे ७९ कोटी पौंड. जून २००५ मध्ये कंपनी शेअर बाजारातून काढून घेण्यात आली आणि थोडेथोडके समभाग जपून ठेवलेल्या पाठीराख्यांना ते सक्तीने विकावे लागले. त्याच महिन्याच्या अखेरीस ग्लेझरपुत्र ओल्ड ट्रॅफर्ड पाहायला आले, तेव्हा त्यांना पोलिसांच्या गाडीतून बाहेर काढावे लागले.

खरी मेख पैसा उभारण्याच्या पद्धतीत होती. या पद्धतीला ‘लिव्हरेज्ड बायआउट’ म्हणतात : खरेदीदार कर्ज काढतो, ज्या कंपनीची खरेदी करायची तिचीच मालमत्ता तारण ठेवतो आणि हप्ते तिच्याच उत्पन्नातून भागवतो. व्यवहारातील निम्म्याहून अधिक रक्कम कर्जाऊ होती. या कर्जाचे दोन थर होते. पहिला थर बँकांचा, क्लबच्या मालमत्तेवर. दुसरा हेज फंडांचा (जास्त जोखीम घेणाऱ्या खासगी गुंतवणूक-निधींचा), ‘पीआयके’ (पेमेंट इन काइंड) प्रकारच्या रोख्यांचा, ग्लेझरांच्या धारक कंपनीवर, म्हणजे क्लबची मालकी जिच्या नावे होती त्या कंपनीवर. पीआयकेमध्ये व्याज रोख द्यावे लागत नाही; ते दरवर्षी मुद्दलात मिसळते आणि पुढल्या वर्षी त्याच्यावरही व्याज चढते. २००६ च्या पुनर्रचनेनंतर या रोख्यांचा दर १४.२५ टक्के होता. या दराने मुद्दल साधारण सव्वापाच वर्षांत दुप्पट होते. सावकारी व्याजाचा हिशेब ठाऊक असलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायची गरज नाही. पुनर्रचनेच्या वेळी एकूण कर्ज ६६ कोटी पौंड आणि वार्षिक व्याजाचा बोजा सुमारे ६ कोटी २० लाख पौंड झाला. २००५ पूर्वी क्लबवर नाव घेण्याजोगे कर्ज नव्हते.

कायदेशीरदृष्ट्या पीआयके रोखे क्लबचे देणे नव्हते. ग्लेझरांच्या बाजूने हा मुद्दा नेहमी मांडला गेला. धारक कंपनीला क्लबखेरीज उत्पन्नाचे दुसरे साधन नसल्याने तो तांत्रिकच म्हणावा लागतो.

मोहिमेचा काळ : हा असंतोष पराभवातून आलेला नाही, हे त्याचे वेगळेपण. २००७ ते २००९ अशी सलग तीन वर्षे संघाने प्रीमियर लीग जिंकली होती आणि २००८ मध्ये चॅम्पियन्स लीगही. तिकिटांचे दर मात्र चढत होते. हंगामी तिकीटधारकांना घरच्या मैदानावरील चषक-सामन्यांची तिकिटेही घेणे बंधनकारक झाले होते. सामन्याला जायचे नसले तरी पैसे कापले जात. जून २००९ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डो ८ कोटी पौंडांना रेआल माद्रिदला विकला गेला. त्या आर्थिक वर्षातला नफा या एका विक्रीमुळेच दिसला.

ठिणगी पडली ती जानेवारी २०१० मध्ये क्लबने सुमारे ५० कोटी पौंडांचे रोखे विक्रीस काढले तेव्हा. अशा विक्रीसाठी गुंतवणूकदारांना सविस्तर माहितीपत्रक द्यावे लागते आणि पाठीराख्यांनी ते ओळीओळीने वाचून काढले. क्लबच्या तिजोरीतून धारक कंपनीकडे ७ कोटी पौंड वळवण्याची मुभा, कॅरिंग्टन येथील सराव-मैदान विकून तेच भाड्याने घेण्याची शक्यता, ग्लेझर कुटुंबीयांनी क्लबकडून उचललेले १ कोटी पौंड : आधी कुजबुजीत असलेल्या गोष्टी आता क्लबच्याच शब्दांत छापील होत्या. एरवी हे कागद वकील आणि बँकवाल्यांपलीकडे कोणी उघडत नाही.

मफलर या आंदोलनाला फार सोयीचा ठरला. फलक सुरक्षारक्षक काढून घेऊ शकतात, घोषणा थांबते; गळ्यातला मफलर काढायला सांगणार कोण? शिवाय तो दूरचित्रवाणीवर दिसतो. क्लबच्या दुकानातून काही न घेता निष्ठा दाखवण्याचा मार्गही त्याने दिला. मैदानाबाहेरच्या फेरीवाल्यांनी तो भराभर विकायला आणला, हे ओघाने आलेच. १० मार्च २०१० रोजी एसी मिलानविरुद्धच्या सामन्यानंतर (युनायटेड ४–० ने विजयी) मिलानकडून आलेल्या, युनायटेडच्याच माजी खेळाडू डेव्हिड बेकहॅमने प्रेक्षकांतून फेकलेला असा मफलर उचलून गळ्यात घातला आणि ते छायाचित्र जगभर गेले. क्लब कसा चालवायचा हा आपला विषय नाही, असे त्याने नंतर सांगितले; छायाचित्रावर त्याचा परिणाम झाला नाही. फर्ग्युसन शेवटपर्यंत मालकांची पाठराखण करत राहिला आणि अनेक जुन्या पाठीराख्यांना ते सर्वांत जास्त बोचले.

त्याच मार्चमध्ये ‘रेड नाइट्स’ नावाचा श्रीमंत पाठीराख्यांचा गट पुढे आला. गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेचे अर्थतज्ज्ञ जिम ओनील त्यांपैकी एक. क्लब विकत घेण्याचा त्यांचा प्रस्ताव जून २०१० मध्ये बारगळला. नोव्हेंबर २०१० मध्ये ग्लेझरांनी सुमारे २२ कोटी पौंडांचे पीआयके रोखे एकरकमी फेडले. पैसा कुठून आणला हे जाहीर झाले नाही. मे २०११ मध्ये संघाने एकोणिसावे लीग-विजेतेपद मिळवून लिव्हरपूलचा विक्रम मोडला. तोपर्यंत मफलर बरेच विरळ झाले होते.

नंतरचा काळ : ऑगस्ट २०१२ मध्ये समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात १४ डॉलरने विकले गेले. उभारलेल्या सुमारे २३ कोटी ३० लाख डॉलरपैकी निम्मीच रक्कम कर्जफेडीला गेली, निम्मी ग्लेझरांना. कुटुंबाच्या ‘ब’ वर्गाच्या समभागाला दहा मते असल्याने सत्ता जागची हलली नाही. पुढे काही वर्षे लाभांशही वाटला गेला.

१८ एप्रिल २०२१ रोजी युरोपियन सुपर लीग या मोजक्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची घोषणा झाली आणि दोन दिवसांत युनायटेडसह इंग्लंडचे सहाही क्लब तिच्यातून बाहेर पडले. २ मे रोजी हिरव्या-सोनेरी रंगांसह जमलेला जमाव ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात शिरला आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. सामना रोखण्याची, २००५ पासून न जमलेली गोष्ट एका दुपारी घडली, ती मफलरांनी नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी समभागाला ३३ डॉलर मोजून २७.७ टक्के वाटा घेतला. बहुमत ग्लेझरांकडेच राहिले. मार्च २०२५ च्या निदर्शनात काळे कपडे घालण्याचे आवाहन होते. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला.

पर्यायी मार्ग व तुलना : २००५ मध्येच काही पाठीराख्यांनी बाहेर पडून ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ हा सभासदांच्या मालकीचा क्लब काढला. एक सभासद, एक मत या तत्त्वावर तो चालतो. न्यूटन हीथजवळच्या मॉस्टन भागात २०१५ मध्ये त्याचे स्वतःचे मैदान झाले. म्हणजे रंग मोहिमेने घेतले आणि जागा या क्लबने. जर्मनीत १९९८ पासूनच्या ‘५० अधिक १’ नियमामुळे मतांचे बहुमत सामान्यतः सभासदांकडे राहते. रंगावरून झालेला सर्वांत जवळचा संघर्ष कार्डिफ सिटीचा : मालक व्हिन्सेंट टॅन यांनी २०१२ मध्ये निळा पोशाख लाल केला, पाठीराख्यांनी निळा सोडला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये तो परत आला.

भारतात कोलकात्याच्या मोहन बागानचे उदाहरण ठळक आहे. २०२० मध्ये एटीके या क्लबशी विलीनीकरण झाल्यावर नावापुढे लागलेले ‘एटीके’ काढावे, यासाठी पाठीराखे तीन हंगाम झगडले. मार्च २०२३ मध्ये विजेतेपदाच्या रात्री मालक संजीव गोएंका यांनी ते काढत असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात असे आंदोलन उभे राहिलेले नाही. एफसी पुणे सिटी हा क्लब आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद झाला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीच्या प्रेक्षकांना त्यात विचारण्याचा प्रश्नच आला नाही.